मेंदूच्या पेशी वाचवता येतात का? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पक्षाघाताबद्दल आलेल्या पत्रांपैकी पेशींच्या पातळीवरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत 'पक्षाघात' असं नुसतं म्हटलं असेल तिथे गुठळीमुळे रक्त अडून होणारा प्रकार समजावा. रक्तस्रावाचा उल्लेख वेगळा केला आहे.

प्रश्न : वडिलांचा उजवा हात आणि बोलणं सकाळी एकाएकी गेलं. सीटीत 'अजून काही दिसत नाही' असं सांगितलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर दोन तासांत हात उचलता यायला लागला. म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत झाल्या का? (सांगली)

उत्तर : नाही. मेलेला न्यूरॉन, म्हणजे मेंदूची संदेश पाठवणारी पेशी, परत येत नाही. तुमच्या वडिलांच्या हाताच्या आणि बोलण्याच्या पेशींपैकी बऱ्याचशा मेल्याच नव्हत्या, त्या गप्प झाल्या होत्या.

निरोगी मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिलीलीटर रक्त मिळतं. हा आकडा २० च्या खाली घसरला की न्यूरॉन संदेश पाठवणं थांबवतो. उरलेली ऊर्जा तो स्वतःचं पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, शाबूत ठेवण्यासाठी राखतो. प्रवाह १० च्याही खाली गेला की पटल सांभाळणंही जमत नाही, आणि मग पेशी मरायला लागते. या दोन आकड्यांच्या मधला जो भाग असतो, तो जिवंत असतो पण काम करत नाही. १९७० च्या दशकात लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकार संस्थेत बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांत हे दोन वेगवेगळे उंबरठे मोजले गेले. १९७७ साली आस्ट्रप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मधल्या भागाला ग्रहणातला शब्द दिला : उपच्छाया. पंचांगात 'छायाकल्प' ग्रहण असतं, त्यात चंद्र झाकला जात नाही, फक्त मंदावतो. तसाच हा भाग.

गुठळी बसते त्या वाहिनीच्या ऐन टापूतला गाभा काही मिनिटांत जातो. भोवतालच्या उपच्छायेला शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटेनं थोडं थोडं रक्त मिळत राहतं. गुठळी निघाली तर हा भाग सावरतो, नाही निघाली तर गाभा पसरत जाऊन त्याला गिळतो. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली याचा हिशोब मांडला : मोठी वाहिनी बंद झालेल्या सर्वसाधारण रुग्णात, उपचार न झाल्यास, मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात. हा आकडा सगळीकडे छापला जातो, पण ती सरासरी आहे हे सहसा लिहिलं जात नाही. ज्याच्या आडवाटा चांगल्या त्याचा गाभा अगदी हळू वाढतो, आणि ज्याच्या नाहीत त्याचा तासाभरातच बराचसा भाग जातो. म्हणूनच २०१८ पासून, स्कॅनमध्ये उपच्छाया शिल्लक दिसली तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही गुठळी तारेनं ओढून काढतात. पण आपल्या आडवाटा कशा आहेत हे घरी बसून कुणालाच कळत नाही.

सुरुवातीला सीटी साफ दिसतो, कारण त्या भागातलं पाणी अजून फारसं वाढलेलं नसतं. तो सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहायला काढलेला असतो.

प्रश्न : ऑपरेशनच्या वेळी पायाला पट्टा आवळून दीड-दोन तास रक्त थांबवतात, तरी पाय शाबूत राहतो. मग मेंदूच एवढा नाजूक का? (अमरावती)

उत्तर : स्नायूकडे शिधा असतो. क्रिएटिन फॉस्फेट असतं, ग्लायकोजेन असतं, ऑक्सिजनशिवाय काही काळ भागवायची सोय असते. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्यातल्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा म्हणावा तर तारापेशींमध्ये (न्यूरॉनना आधार देणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या पेशी) थोडंसं ग्लायकोजेन. मेंदू रोज आणून रोज खाणारा आहे.

पण मेंदूच्या पेशी केवळ उपासमारीनं मरत नाहीत, आणि पेशीसंशोधनाचा सगळा भर इथेच आहे. मेंदूच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणाऱ्या पंपांवर खर्च होतो. प्रवाह पूर्ण थांबला तर एक ते तीन मिनिटांत पंप बंद पडतात, पटलावरचा विद्युतभार ढासळतो आणि न्यूरॉनच्या टोकांतून ग्लुटामेट हे रसायन भसाभसा बाहेर पडतं. एरवी तारापेशी आणि न्यूरॉन हे सांडलेलं ग्लुटामेट लगेच उचलून आत घेतात. पण उचलणारी यंत्रणा सोडियमच्या उतारावर चालते. तो उतारच गेला की यंत्रणा उलटी फिरते आणि आतलं ग्लुटामेट बाहेर ओतते. कुंपणानंच शेत खावं तसं.

हे ग्लुटामेट शेजारच्या न्यूरॉनवरच्या 'एनएमडीए' नावाच्या दारावर बसतं. या दारात एरवी मॅग्नेशियमचा एक कण बूच मारून बसलेला असतो. पटलाचा विद्युतभार ढासळला की ते बूच निघतं आणि कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट असतं, त्यामुळे ते कसं घुसत असेल याची कल्पना करा. आत आल्यावर ते कॅल्पेन नावाची विकरं जागी करतं आणि ती पेशीचा सांगाडाच कुरतडतात. नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं विकर चेतवलं जातं. मायटोकॉन्ड्रिया जमेल तेवढं कॅल्शियम पोटात घेतात आणि शेवटी फुटतात.

१९५७ साली ल्युकस आणि न्यूहाउस यांनी उंदरांना ग्लुटामेट टोचल्यावर डोळ्यातल्या पडद्याच्या पेशी मेलेल्या पाहिल्या. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी हाच परिणाम मेंदूत दाखवला आणि त्याला 'उत्तेजनाचं विष' या अर्थाचं नाव दिलं. अजिनोमोटोत ग्लुटामेटच असतं, मग ते खाऊन मेंदूला धोका आहे का, असं विचारणारी दोन पत्रं आहेत. जेवणातलं ग्लुटामेट आतड्यात बरंचसं वापरलं जातं आणि रक्त व मेंदू यांमधला अडसर उरलेल्याला सहसा आत येऊ देत नाही. ओल्नींनी ते नवजात उंदरांना मोठ्या मात्रेत टोचलं होतं.

याच्या पुढच्या घडामोडी तासांच्या आणि दिवसांच्या आहेत. उपच्छायेतून विद्युतभार कोसळण्याच्या लाटा मिनिटाला काही मिलीमीटर वेगानं सरकत जातात, आणि प्रत्येक लाटेनंतर आधीच दमलेल्या पेशींना पंप पुन्हा सुरू करावे लागतात. गुठळी निघून रक्त परत आलं की रक्त नसताना साठलेल्या सक्सिनेट या रसायनामुळे मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू एकदम तयार होतात. सगळ्यात बारीक वाहिन्यांना बिलगून बसलेल्या पेरिसाइट पेशी आवळल्या जातात आणि आवळलेल्या अवस्थेतच मरतात. म्हणजे मोठी वाहिनी उघडली तरी बारीक नळ बंदच. लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या प्रयोगशाळेनं हे २०१४ साली दाखवलं. मेंदूची सूज सर्वांत जास्त असते ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. उंदराच्या न्यूरॉनवर 'ऑक्सिजन-ग्लुकोज तोडण्याचा' प्रयोग करते. कधी कंट्रोलच्याच (तुलनेसाठी ठेवलेल्या) पेशी मरतात, कधी दोन तास ठेवूनही काहीच मरत नाही. कुठे चुकत असेल? (पुणे)

उत्तर : या प्रयोगात चुकण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तुम्ही पद्धत लिहिलेली नाही, म्हणून आम्ही जी धरून चालतो ती सांगतो.

उंदीर म्हणजे इथे रॅट. १८ दिवसांच्या गर्भाच्या मेंदूच्या बाह्यकातले न्यूरॉन, पॉली-डी-लायसिन लावलेल्या २४ खणांच्या प्लेटमध्ये, चौरस सेंटीमीटरला एक ते दीड लाख. न्यूरोबेसल मीडियम, २ टक्के बी-२७ (पेशी जगवणारं तयार मिश्रण), तीन-चार दिवसांनी निम्मंच मीडियम बदलायचं. प्रयोगाच्या दिवशी ग्लुकोज नसलेल्या क्षारद्रावणानं दोनदा धुवायचं. हे द्रावण आधी किमान अर्धा तास ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांच्या बुडबुड्यांखाली ठेवलेलं हवं. मग बंद पेटीत ३७ अंशांवर ६० ते ९० मिनिटं. नंतर आधी काढून ठेवलेलं त्यांचंच मीडियम परत घालायचं आणि २४ तासांनी मोजायचं.

काहीच मरत नसेल तर पहिला संशय पेशींच्या वयावर. पाच-सात दिवसांच्या संवर्धनात एनएमडीएची दारं पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे ग्लुटामेट सांडलं तरी आत शिरायला वाट नसते. १० ते १४ दिवस थांबा. दुसरा संशय प्लास्टिकवर. पॉलिस्टायरिनमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि तो तासभर झिरपत राहतो. खणात द्रावणाचा थर पातळ ठेवा, आणि पेटीत रेझाझुरिनचं सूचक द्रावण ठेवा. त्याचा गुलाबी रंग गेला नाही तर ऑक्सिजन गेलेला नाही, मग घड्याळ काहीही सांगो. तिसरं कारण तारापेशी. त्यांचं प्रमाण जास्त असेल तर त्या ग्लुटामेट उचलून न्यूरॉनना वाचवतात.

औषधच चालत नसेल, आणि ते ऑक्सिडीकरण रोखणारं असेल, तर बी-२७ चा घटकतक्ता वाचा. त्यात जीवनसत्त्व ई, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज आधीपासूनच असतात. कंट्रोललाही तुम्ही औषध देताय. प्रयोगाच्या आदल्या दिवसापासून हे घटक वगळलेलं बी-२७ वापरा.

कंट्रोल मरत असतील तर आधी हात पाहा. न्यूरॉन धुण्याला फार बिचकतात. पिपेटची धार खणाच्या भिंतीवरून सोडा, आणि एका वेळी चारच खण घ्या, म्हणजे बाकीचे कोरडे पडणार नाहीत. कडेच्या खणांत बाष्पीभवनानं क्षार दाटतात, तिथे फक्त पाणी भरा. आणि सिलिंडरची चिठ्ठी वाचा. नुसता शुद्ध नायट्रोजन सोडला की बायकार्बोनेटच्या द्रावणातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, द्रावण अल्कधर्मी होतं, फिनॉल रेड हा सूचक असेल तर ते जांभळट दिसायला लागतं. अशा द्रावणात एनएमडीएची दारं जास्त उघडतात. आम्लात ती आवळली जातात. म्हणजे दोन दिवसांच्या निकालांतला फरक नुसत्या गॅसचा असू शकतो.

कंट्रोल एक पुरत नाही. धुऊन ग्लुकोजसह नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलेले, फक्त ग्लुकोज काढलेले, फक्त ऑक्सिजन काढलेले, आणि ट्रायटन या साबणासारख्या रसायनानं पूर्ण मारलेले, असे चार हवेत. शिवाय एनएमडीएचं दार अडवणारं एमके-८०१ (१० मायक्रोमोलर) दिलेला एक गट ठेवा. त्यानं पेशी वाचल्या नाहीत तर तुमच्या प्लेटमध्ये ग्लुटामेटमुळे मृत्यू होतच नाही आहे, मग त्यावर औषध तपासण्यात अर्थ नाही. मृत्यूचं प्रमाण एलडीएचनं (फुटलेल्या पेशीतून बाहेर सांडणारं विकर) काढा : नमुन्यातून धुतलेला कंट्रोल वजा, आणि पूर्ण मेलेल्यातून तोच वजा करून येणाऱ्या आकड्यानं भागा. नुसत्या एमटीटी या रंगचाचणीवर विसंबू नका. ते पेशीचा चयापचय मोजतं, आणि अर्धमेली किंवा थंडावलेली पेशीही कमी आकडा देते.

अजून दोन गोष्टी. सहा खण म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. एका मादीच्या गर्भांतून केलेलं संवर्धन म्हणजे एक. आणि मोजणाऱ्याला कोणत्या खणात काय आहे हे माहीत नसावं, खणांवर आकडे टाकून यादी दुसऱ्याकडे द्या.

गाइड 'एसएच-एसवाय५वाय वापर, प्राण्यांची परवानगी नको' असं सुचवतील. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशीवंश मागवणं सोपं असतं हे खरं, पण ती मुळात कर्करोगाची पेशी आहे. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजवर भागवण्यात ती पटाईत आणि एनएमडीएला तिचा प्रतिसाद कमकुवत. तिच्यावर पक्षाघाताचा निष्कर्ष काढू नका. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज करायला वेळ लागतो, तो आजच करा.

प्रश्न : उंदरांत पक्षाघात बरा करणारी औषधं सापडल्याच्या बातम्या वीस वर्षं वाचतोय. माणसापर्यंत एकही का येत नाही? (नाशिक)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती संशोधकांनी स्वतःही केली आहे. २००६ साली ओ'कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे पेशींवर आणि प्राण्यांवर तपासलेले उपाय मोजले : १,०२६. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोचले. गुठळी काढण्यापलीकडे, नुसती पेशी वाचवणारं असं निर्विवाद सिद्ध झालेलं त्यात एकही नव्हतं.

एनएक्सवाय-०५९ या औषधाचं उदाहरण घ्या. प्राण्यांत उत्तम निकाल, २००६ ला माणसांतल्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा, आणि २००७ ला तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच नाही. नंतर प्राण्यांवरचे प्रयोग उकरून पाहिले, तेव्हा ज्या प्रयोगांत प्राणी चिठ्ठ्या टाकून वाटले होते आणि मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, तिथे फायदा कमी निघाला. माणसांत निघालेला निकाल प्राण्यांच्या वह्यांत आधीच लिहिलेला होता.

बाकी कारणंही उघड आहेत. प्रयोगातला उंदीर तरुण, नर, निरोगी. आपला रुग्ण सत्तरीचा, मधुमेह आणि बीपी असलेला. उंदराला औषध वाहिनी बंद करण्याआधी किंवा लगेच दिलं जातं, माणसाला चार-सहा तासांनी. भूल दिलेल्या उंदराचं अंग थंड पडतं, आणि थंडी स्वतःच पेशी वाचवते. तापमान राखलं नाही तर श्रेय औषधाला जातं. शिवाय उंदराच्या मेंदूत पांढरा भाग, म्हणजे न्यूरॉनच्या लांब धाग्यांचा, फारच कमी आहे. माणसात तो जवळपास निम्मा. न्यूरॉनचं दार बंद करणारं औषध हे धागे वाचवेलच असं नाही.

आम्हाला सगळ्यात विचारात पाडणारा प्रयोग २०२० चा आहे, बॉस्टनच्या एंग लो यांच्या गटाचा. उंदीर निशाचर आहे. संशोधक दिवसा काम करतात, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी. माणसाला पक्षाघात बहुधा जागेपणी येतो. त्यांनी तीन जुने उपाय (एमके-८०१, एक ऑक्सिडीकरणरोधक आणि शुद्ध ऑक्सिजन) उंदराच्या दिवसा आणि रात्री दिले. दिवसा तिन्हींनी इजा कमी झाली. रात्री, म्हणजे उंदीर जागा असताना, एकानंही नाही. इतकी वर्षं प्रयोगाच्या वेळेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं.

वेळ लवकर साधली तरी पुरत नाही, हेही दिसलं आहे. लॉस एंजलिस भागात १,७०० रुग्णांना अ‍ॅम्ब्युलन्समध्येच, दोन तासांच्या आत मॅग्नेशियम सुरू केलं. ४ ग्रॅम लगेच, १६ ग्रॅम पुढच्या २४ तासांत. २०१५ ला निकाल आला, फायदा नाही. मॅग्नेशियम रक्तातून मेंदूत फार सावकाश शिरतं.

नेरिनेटाइड या पेप्टाइडवर मोठी आशा होती. टोरोंटोच्या मायकेल टिमिअँस्की यांनी एनएमडीएचं दार बंद न करता, त्याच्या मागे नायट्रिक ऑक्साइडच्या विकराला जोडणारा दुवा तोडला, म्हणजे रोजचं काम चालू, विष तेवढं बंद. २०१२ ला माकडांतही ते चाललं. २०२० च्या १,१०५ रुग्णांच्या चाचणीत एकंदर फायदा दिसला नाही, पण गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज न मिळालेल्यांत दिसला. कारण पेशीबाहेरचं होतं : अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लास्मिन हे पेप्टाइडच कापून टाकतं. म्हणून अल्टेप्लेजशिवायच्या रुग्णांत पुन्हा चाचणी केली, तर तिथेही फायदा सिद्ध झाला नाही.

आता अमेरिकेत 'स्पॅन' नावाखाली अनेक प्रयोगशाळा एकच उपाय एकाच पद्धतीनं तपासतात. नर-मादी दोन्ही, म्हातारे आणि लठ्ठ उंदीरसुद्धा, चिठ्ठ्या टाकून, मोजणारे अनभिज्ञ. पहिल्या फेरीत सहा उपाय घातले, त्यातलं युरिक आम्ल पुढे टिकलं. तेच जे सांध्यात साठलं की गाऊट होतो. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. पण चाळणी बारीक झाली, हे आम्हाला नव्या रेणूपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्न : हाताला बीपीचा पट्टा वारंवार आवळून मेंदू वाचतो असा व्हिडिओ पाहिला. घरी करावं का? (सोलापूर)

उत्तर : घरी करू नका. कल्पना खरी आहे : दंडाचं रक्त थोडा वेळ तोडलं की शरीरात असे संदेश जातात की दूरचे अवयव तग धरतात. चीनमध्ये २०२२ च्या चाचणीत पाच-पाच मिनिटं, पाच वेळा, दिवसातून दोनदा, दोन्ही दंडांवर २०० च्या दाबानं हे केलं. अपंगत्व नसलेले किंवा नगण्य असलेले रुग्ण ६७.४ टक्के, न केलेल्यांत ६२ टक्के. डेन्मार्कमध्ये २०२३ ला अ‍ॅम्ब्युलन्समध्येच सुरू करून पाहिलं, फायदा नाही. पट्टा शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मात्र नक्की जातात.

प्रश्न : आईला डिस्चार्जच्या वेळी सिटिकोलीनच्या गोळ्या लिहून दिल्या, आधी सेरेब्रोलायसिन आणि एडाराव्होनची इंजेक्शनं झाली. यातलं खरं उपयोगी काय? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सिटिकोलीन पटलाच्या दुरुस्तीला कच्चा माल पुरवतं, हे प्रयोगशाळेत खरं आहे. २०१२ ला युरोपात सुमारे २,३०० रुग्णांत दिवसाला २ ग्रॅम, सहा आठवडे देऊन पाहिलं. औषध नसलेली खोटी मात्रा घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक पडला नाही. औषध निरुपद्रवी आहे, फायदा सिद्ध नाही. सेरेब्रोलायसिन डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून करतात. आतापर्यंतचे पुरावे एकत्र पाहिले तर मृत्यू टळत नाहीत, आणि गंभीर दुष्परिणाम थोडे वाढण्याची शक्यता दिसते. एडाराव्होनला जपानमध्ये २००१ पासून परवानगी आहे, ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २४ तासांच्या आत सुरू करून. मूत्रपिंड अशक्त असेल तर जपून. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना यातलं काहीच द्यायला सांगत नाहीत.

डॉक्टरांना विचारा : हे बंद केलं तर काय बिघडेल? आणि पैसे कमी असतील तर आधी कशावर खर्च करू? आमच्या मते क्रम असा : बीपीची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), फिजिओथेरपी, गिळता येतंय का याची तपासणी. या गोष्टींना भक्कम पुरावा आहे. सिटिकोलीनच्या महिन्याच्या पैशांत फिजिओथेरपीच्या काही भेटी होतात. आपण होऊन काहीही बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी गोळी.

निमोडिपीन हे कॅल्शियमचं दार अडवणारं औषध मात्र एका ठिकाणी खरंच चालतं : धमनीचा फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर, ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. गुठळीच्या पक्षाघातात तेच निष्प्रभ ठरलं.

प्रश्न : 'स्टेम सेलनं लकवा बरा' अशी जाहिरात आहे, काही लाख मागतात. (ठाणे)

उत्तर : देऊ नका. भारतातच, पाच केंद्रांवर, १२० रुग्णांत स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन पाहिलं आहे. निकाल २०१४ ला आला : सुरक्षित, पण सहा महिन्यांनंतर फरक नाही. शिरेतून दिलेल्या पेशी बहुतांश फुप्फुसातच अडकतात. मेंदूत जाऊन त्यांचे न्यूरॉन होतात हे चित्र जाहिरातीतलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांनुसार पक्षाघातासाठी हे नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागणारा स्वतःच उत्तर देतो आहे.

प्रश्न : अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत घरी काय द्यावं? अ‍ॅस्पिरिन, डोक्यावर बर्फ, जिभेखाली बीपीची गोळी? (मडगाव)

उत्तर : तिन्ही नको. गुठळी की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन घातक. जिभेखालच्या गोळीनं बीपी एकदम कोसळतं, आणि पहिल्या उत्तरातली उपच्छाया त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असते. गुठळी विरघळवायची असेल तर बीपी १८५/११० च्या आत आणतात, ते शिरेतून, मॉनिटर लावून. विरघळवायची नसेल तर सहसा २२०/१२० पर्यंत हातही लावत नाहीत. बर्फानं कातडी गार होते, मेंदू नाही. पाणी, चहा, साखर काही पाजू नका, घास श्वासनलिकेत जातो. मधुमेह असेल तर साखर मात्र मोजा, कारण कमी साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते. १०८ ला फोन करताना 'सीटी आणि गुठळीचं इंजेक्शन असलेलं हॉस्पिटल' असं स्पष्ट सांगा. पुण्यात तयार होणारं टेनेक्टेप्लेज एकाच टोचणीत देता येतं, अल्टेप्लेजसारखं तासभर चालवावं लागत नाही.

प्रश्न : झोपेतून उठल्यावरच तोंड वाकडं दिसलं, तर वेळ कशी मोजायची? (चिपळूण)

उत्तर : शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ. पहाटे तीनला उठून कुणी संडासला जाऊन आलं असेल आणि नीट चाललं असेल, तर रात्री दहा नाही, तीन. हे घरच्यांना आठवून सांगावं लागतं.

वेळ कळलीच नाही तरी पेशी स्वतः सांगतात. पंप बंद पडल्यावर सोडियमच्या मागोमाग पाणी पेशीत शिरतं, ती फुगते आणि पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. एमआरआयच्या एका चित्रात हा भाग काही मिनिटांतच पांढरा उजळतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तोच भाग उजळायला रक्तवाहिन्यांतून नवं पाणी झिरपावं लागतं, त्याला तास लागतात. पहिल्यात उजळलं आणि दुसऱ्यात अजून नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. २०१८ च्या युरोपातल्या चाचणीत अशा रुग्णांना अल्टेप्लेज दिल्यावर ५३.३ टक्के चांगले सावरले, न दिलेल्यांत ४१.८ टक्के. म्हणून 'झोपेत झालं, आता उशीर झाला' असं कुणी म्हणालं तर एमआरआय होतो का, एवढं विचाराच.